आतून पुसलेली काच

ही गोष्ट खरी आहे. माझ्या थापा तुम्ही ओळखून आहात, म्हणून आधीच सांगतो. तिखटमीठ माझं असेल, गोष्ट माझी नाही. ती माझ्या मावसबहिणीची आहे, आणि तिला थापा मारता येत नाहीत.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती. सुट्टीची दुपार होती, कडक ऊन, आणि घरामागची पत्र्याची शेड.

या बहिणीला घरात सगळे मिरी म्हणतात. अंगाने एवढीशी, जिभेने तिखट. धंदा कवळ्या बनवण्याचा. दिवसभर लोकांचे दात हातात घेऊन बसणारी बाई, ती कशाला भुताला भितेय?

शेडमध्ये तिच्या वडिलांची गाडी होती. फिकट हिरवी, गोल दिव्यांची. एके काळी लोक वळून बघायचे. शेवटी शेवटी काकांची नजर अधू झाली, पण कबूल करतील तर ते काका कसले. "काच धूसर झालीय," म्हणायचे. मग पालथ्या हाताने काच आतून पुसत बसायचे.

गोल गोल.

चूं... चूं...

एक दिवस त्यांनी गाडी कुंपणात घातली. त्यानंतर ती शेडमध्ये गेली ती गेलीच. दारं बंद झाली. चावी कुठे आहे, ते काकांनी कुणाला सांगितलं नाही. जाण्याआधी मिरीचा हात धरून एवढंच म्हणाले, "भंगारात नको गं घालूस."

मिरीने शब्द दिला होता.

आता घर विकलं होतं. आईला ती आपल्याकडे नेणार होती. शेड रिकामी करणं भाग होतं.

"त्यांना विचारलंस का?" आईने विचारलं.

"आई, बाबा जाऊन वर्षं झाली."

"मग? विचारायचं नाही?"

मिरीने ताडपत्री ओढली, फोटो काढले आणि जाहिरात टाकली. 'जुनी गाडी, हौशी माणसासाठी. चालू नाही. थोडं काम आहे.' थोडं! टायर जमिनीला चिकटले होते आणि बॉनेटमध्ये उंदरांच्या तीन पिढ्या नांदून गेल्या होत्या.

पहिलाच फोन आला.

"ताई, समोरची काच तेवढीच का पुसलीत? सगळीच पुसायची ना."

"मी काहीच पुसलेलं नाही."

"फोटो बघा."

मिरीने फोटो बघितला. धुळीने माखलेली काच. आणि स्टिअरिंगच्या बरोबर समोर... थाळीएवढा स्वच्छ गोल.

ती शेडमध्ये गेली. बाहेरून बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली नाही. गोल तसाच राहिला.

तो आतून होता.

दारं ओढून बघितली. चारही बंद.

"मांजर असेल," ती स्वतःशीच म्हणाली. बंद गाडीत मांजर शिरलं कुठून, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

दुपारी एक माणूस आला. पांढरेशुभ्र, एका मापाचे दात. मिरीने लगेच ओळखलं, वरची ओळ पूर्ण नकली. "मला जुन्या गाड्यांचं वेड आहे हो," म्हणाला. मग मागच्या खिडकीशी जाऊन फोनवर हळूच कुणाला तरी सांगू लागला, "दिवे नि दारं काढून घेऊ. बाकीचं वजनावर."

मिरीने ऐकलं. ती तोंड उघडणार, तेवढ्यात...

चूं...

त्या माणसाच्या तोंडासमोर, काचेच्या आतल्या धुळीत, एक गोल उमटला. सावकाश. कुणीतरी बाहेर कोण आहे ते बघायला काच पुसावी, तसा.

फोन खाली पडला.

"आत कोण आहे?"

उत्तराची वाट न बघता तो फाटकातून बाहेर पडलासुद्धा. फोन न्यायला त्याने दुसऱ्याला पाठवलं.

संध्याकाळी एक म्हातारा घड्याळजी आला. थोडं बोलणारा, खालचे दोन दात पडलेले, पण उरलेले स्वतःचे. सोबत कुलुपं उघडणारा होता. कुलूपवाल्याने तार घातली, खटका वर आला.

चावी गाडीतच होती. स्टिअरिंगखाली लावलेली.

आणि दारांचे खटके... आतून दाबलेले.

घड्याळजींनी वाकून आत बघितलं. सगळ्या सीटवर बोटभर धूळ. स्टिअरिंगसमोरची एक सीट मात्र लख्ख.

त्यांनी डोकं बाहेर काढलं.

"चालती करीन मी हिला," ते म्हणाले. "पण तुमचं जे काही आत आहे, ते काढून घ्या."

"आत काहीच नाही."

"असेल ते," घड्याळजी म्हणाले आणि शेडच्या बाहेर जाऊन पाठ करून उभे राहिले.

मिरी मागे वळली, तर दारात आई. गाडीकडे बघत होती. काहीतरी केल्याशिवाय ही हलायची नाही, हे मिरीला कळलं. तिने गाडीचं दार सताड उघडलं आणि लहान मुलाची समजूत काढावी तसं म्हणाली, "बाबा, गाडी चांगल्या हातात चाललीय. उतरा आता. चला माझ्याबरोबर."

दार थोडं हललं.

वारा नव्हता.

"आता म्हणालीस खरी," आई म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी गाडी गेली. घड्याळजींचा मग फोन आला. काम सुरू आहे, काचा जशाच्या तशा मळलेल्या राहतात, काही त्रास नाही. मिरीने सुटकेचा निःश्वास सोडला.

मग आईला न्यायचा दिवस आला. मिरीची गाडी छोटी, नवी. बॅगा डिकीत टाकून तिने पुढचं दार उघडून धरलं. आई मात्र मागे जाऊन बसली.

"पुढे बस की. मागे कशाला?"

"पुढे कशी बसू?" आई म्हणाली. पदर सावरून. जागा अडलेली असताना माणूस म्हणतं, तसं.

मिरी हसली. गाडी सुरू केली. सकाळचा गारवा होता, काचेवर आतून वाफ धरली होती. तिने एसीच्या बटणाकडे हात नेला.

आणि बाजूच्या रिकाम्या सीटसमोर...

चूं... चूं...

आजही ती गाडी चालवते. नीट चालवते. पण ती सीट कुणाला देत नाही. परवा मला स्टेशनवर सोडते म्हणाली.

मी रिक्षा केली.