‘दार’ नावाचा पत्ता

रोजचा जप आटोपून, शांत मनानं हे लिहितेय. ज्याला पटणार नाही त्यानं सोडून द्यावं. पण यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही.

रविवारची भर दुपार होती.

पण तळघरात दुपार काय आणि रात्र काय...

माझी धाकटी नणंद संगणकाची कामं करते. एका इमारतीच्या तळघरात तिची खोली होती. खिडकी नाही. मोबाइलला रेंज नाही. गिऱ्हाइकासाठी विजेचं कुलूप बनवलं होतं, ते आधी स्वतःच्याच दाराला लावून बघत होती. जुनी कडी काढून टाकलेली. लॅपटॉपवर ब्राउझरच्या वरच्या पट्टीत ‘दार’ टाकायचं, पान आलं की ‘उघडा’ दाबायचं. खट्कन कुलूप सुटायचं.

मी डबा घेऊन गेले. दाराला वीट लावून ते उघडंच ठेवलेलं होतं; वीट सरकवून तिनं मला आत घेतलं. दार लागलं.

"मशीनला नावं कळत नाहीत वहिनी, आकडे कळतात," जेवता जेवता ती सांगत होती. "नाव टाकलं की ते आधी स्वतःजवळच्या होस्ट्स फाइलमध्ये बघतं, या नावाचे आकडे कोणते. तिथं सापडले की बाहेर कुणाला विचारत नाही."

"अगदी तुझ्या आईसारखं! घरात ठरलं की जगाला विचारायचं नाही."

ती हसली. हसता हसता खोकली. तिला दम्याचा त्रास आहे.

"पंप कुठाय तुझा?"

"वर. गाडीच्या डिकीत."

"धन्य आहेस! चल, आधी वर चल."

तिनं ‘उघडा’ दाबलं.

पानावर आलं... ‘दार उघडलं.’

दार जागचं हललं नाही.

"अरे देवा, माझाच घोळ," तिनं कपाळावर हात मारला. "सकाळी चाचणीसाठी ‘दार’ हे नाव याच लॅपटॉपच्या पत्त्याला जोडलं होतं. काढायचं राहिलं. म्हणजे हाक मारणारी मी आणि ओ देणारीही मीच. कुलपाला पत्ताच नाही!"

तिनं ती ओळ पुसली. कुलपाचे खरे आकडे लिहिले. लॅपटॉपवरून ओ देणारा चाचणीचा प्रोग्रामही बंद केला. पुन्हा दाबलं.

‘दार उघडलं.’

दार बंदच.

आता ती हसली नाही.

"ओ देणारं मी बंद केलंय, वहिनी. मग हे पान देतंय कोण?"

तिनं लॅपटॉपमधून कुलपाकडे जाणारी वायर उपटली. वायफाय बंद केलं. आता लॅपटॉपचा कुणाशीच संबंध नव्हता. तिनं पुन्हा दाबलं.

‘दार उघडलं.’

आणि या वेळी आवाज आला...

खट्.

आमच्या पाठीमागून.

पाठीमागे कोरी भिंत होती. दार काय, साधी फटही नाही.

माझ्या मनात जे आलं ते सांगू? दर वेळी एक दार खरंच उघडत होतं... पण ते आमचं नव्हतं.

खोली गार पडली. नणंद भिंतीला टेकून खाली बसली. छातीतून शिट्टीसारखा आवाज. ओठ निळसर.

मी दारावर धडाधड मुठी मारल्या. हाका मारल्या. वर कोण असणार रविवारी?

"वहिनी... नावानं नको..." तिला एकेक शब्द जड जात होता. "वायर लावा... आकडे टाका... नुसते आकडे..."

कुलपाच्या डबीवर आकड्यांची चिठ्ठी चिकटवलेली होती. मी वायर खोचली. लॅपटॉप मांडीवर घेतला. मला मेलीला टायपिंगची सवय नाही. एकेक आकडा शोधायचा, मग एकेक टिंब. ओठांवर देवाचं नाव.

मागून तिचा श्वास ऐकू येत होता... तुटक, घरघरता.

आणि त्याच्या शेजारी दुसरा.

संथ. लांब.

मी वळले नाही. शपथेवर सांगते, मान वळवायचं धाडसच झालं नाही.

शेवटचा आकडा. पान आलं. ‘उघडा’ दाबलं.

समोरचं दार सुटलं.

मी तिला काखेत धरून फरफटत जिन्यावर आणलं. डिकीतला पंप तोंडाला लावला. तिथून थेट दवाखान्यात.

खोली तिनं त्याच आठवड्यात सोडली. सामान आणायला गेलेल्या माझ्या यजमानांनी मागची भिंत ठोकून बघितली. भरीव आहे म्हणाले. पलीकडे नुसती माती. इतकंच असतं तर मी मनाला समजावलं असतं.

पण दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर नणंदेनं माझा हात धरला.

"वहिनी, मी खाली बसले होते ना, तेव्हा तुम्ही पाठीवरून हात फिरवत राहिलात. त्यानंच तगले मी."

माझे दोन्ही हात तेव्हा लॅपटॉपवर होते.

हे मी तिला सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

आजही तिला धाप लागली की ती माझ्याकडे पाठ करून बसते. "वहिनी, त्या दिवशीसारखा हात फिरवा ना."

मी फिरवते.

"असा नाही हो," ती म्हणते. "तेव्हा गार होता."