कोणत्या बराकीतलं दुखणं

भरपेट जेवून उठलेल्या खराडेबाईंना हात धुता धुता भुकेनं कासावीस व्हायला झालं, तेव्हा त्यांनी सवयीप्रमाणे स्वयंपाकघरात फोन लावला.

"लोखंडेमावशी, आज चपात्या कुणाला कमी पडल्या?"

पलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला. "चार नंबर बराकीला, बाई. शेवटची पंगत त्यांचीच. पीठ संपलं ऐनवेळी. मळतेच आहे आत्ता."

"जरा लवकर हात चालवा. पोटात कावळे ओरडायला लागलेत माझ्या."

"तुमच्या कुठले, चार नंबरच्या!" असं म्हणून मावशी खळखळून हसल्या आणि त्यांनी फोन ठेवला. अर्ध्या तासानं खराडेबाईंच्या पोटात ऊब पसरली आणि त्या पुन्हा कामाला लागल्या.

कन्हेरवाडीच्या महिला कारागृहात असल्या संभाषणांचं आता कुणालाच नवल वाटत नसे. कारागृहाच्या अधीक्षक तेजश्री खराडे यांच्या उजव्या कानामागे तांदळाच्या दाण्याएवढा सहवेदक चिकटवलेला होता. दुसऱ्याला सुई टोचताना पाहिली की आपलाही हात नकळत मागे जातो. शास्त्रज्ञांनी मेंदूच्या या जुन्याच सवयीला यंत्राची जोड दिली होती. प्रत्येक बंदिनीच्या मनगटावर एक पातळ पट्टी असायची. ती नाडी, घाम, स्नायूंचा ताण, पोटाची हालचाल असं सगळं टिपायची. मेंदूपासून हृदय, फुप्फुसं, जठर अशी भटकत जाणारी एक लांब चेता, म्हणजे मज्जातंतू, आपल्या शरीरात असते. सहवेदक कानामागून त्या चेतेला हलकेच चाळवायचा, आणि बराकीतल्या बाईला जे होत असेल ते साहेबांच्या देहात उमटायचं.

तुरुंगांतल्या हालांवर अहवाल लिहून लिहून जेव्हा सगळे आयोग थकले, तेव्हा कुठे हा कायदा झाला. ज्याच्याकडे कारागृहाचा ताबा, त्यानं सकाळी बराकी उघडल्यापासून संध्याकाळी त्या बंद होईपर्यंत सहवेदक लावायचा. रात्री तो उपअधीक्षकांनी लावायचा. यातून सुटका नाही.

मग जे काही झालं, ते पाहून मंत्रालयातली मंडळीही तोंडात बोटं घालून बसली. पहिल्याच आठवड्यात खराडेबाईंनी ढेकणांनी पाठ खाजवून खाजवून लाल केली, आणि वर्षानुवर्षं या टेबलावरून त्या टेबलावर हिंडणारी गाद्यांची फाइल चुटकीसरशी मंजूर झाली. रोज सकाळी लाजेनं कानाच्या पाळ्या का तापतात, याचा त्यांनी शोध घेतला, तेव्हा संडासांना दारंच नाहीत हे त्यांच्या प्रथमच ध्यानात आलं. तोवर त्या दर महिन्याला तिथून तपासणी करत जात होत्या, हे विशेष. दारं बसली, पंखे लागले, पाणी दोन्ही वेळा येऊ लागलं. मुलाखतीच्या खोलीतली काच काढून टाकली, कारण लेकराला हात न लावता आल्यानं जे काही छातीत होतं, ते त्यांना एका सकाळीच पुरे झालं होतं.

फाटकावरच्या हवालदार गोसावी एकदा वैतागून म्हणाल्या होत्या, "मॅडम, एक पट्टी आम्हालाही द्या की. दिवसभर उभं राहून राहून कंबरेचा पार खुळखुळा झालाय."

"त्यासाठी आधी तुम्हाला गुन्हा करावा लागेल, गोसावी," खराडेबाई म्हणाल्या आणि दोघीही हसल्या.

पण गेले काही महिने एक दुखणं खराडेबाईंचा पिच्छा सोडत नव्हतं.

ते यायचं बंदीच्या वेळी. संध्याकाळी घंटा होते, बंदिनींची मोजणी होते आणि त्यांना बराकीत घालून कुलूप लावतात, तिला तिथे बंदी म्हणतात. ती वेळ कुठल्याही तुरुंगात वाईटच. पण हे निराळं होतं. बरगड्यांच्या खाली कुणी जड हात ठेवावा तसं व्हायचं, आणि आता कशासाठी घरी जायचं, असं वाटायचं. आधी इतक्या भुका आणि इतक्या कळा एकदम येत असत की त्या गलक्यात हे ऐकूच येत नव्हतं. नदीचं पाणी ओसरलं की तळचे दगड दिसायला लागतात, तसं बाकीचं एकेक दुखणं कमी झालं आणि हे वर आलं.

खराडेबाई घाबरल्या, त्याला कारण होतं. सहवेदक येण्याच्या आधी दोन नंबर बराकीतल्या पूनम नावाच्या पोरीनं ओढणीनं जीव दिला होता. आदल्या दिवशी तिनं सगळ्यांबरोबर हसून भाजी निवडली होती, कुणाला काही म्हणता काही कळलं नव्हतं. आता कळत होतं आणि तरी ती कोण हे सापडत नव्हतं. दुसरी पूनम होऊ द्यायची नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

सापडत नव्हतं ते कायद्यामुळेच. कुणाचं दुखणं कुठलं हे अधिकाऱ्याला कळलं तर तो आवडती-नावडती करील, म्हणून सगळ्या पट्ट्यांचे संदेश आधी एकत्र होत आणि मगच सहवेदकाकडे येत. आमटी तिखट आहे हे जिभेला कळतं, पण कोणत्या मिरचीनं ती तिखट झाली हे सांगता येत नाही, तसलाच हा प्रकार होता. चपात्यांसारखी गोष्ट विचारून कळायची. हे कुणाला विचारणार?

शेवटी त्यांनी बंदिनींची पंचायत बोलावली. लोखंडेमावशी तिच्या प्रमुख होत्या. जन्मठेपेची शिक्षा, पांढरे केस आणि आवाज असा की पार शेवटच्या बराकीपर्यंत जावा.

"तुमच्यातल्या कुणाला तरी फार जड जातंय," खराडेबाई म्हणाल्या. "रोज संध्याकाळी. मला नाव नको, पण तिला सांभाळा."

मावशींनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "ऐकलंत? कोण का असेना, सापडली की संध्याकाळी तिला एकटं सोडायचं नाही. दोघींनी तिच्याजवळ बसायचं. बोलायचं नाही, उपदेश करायचा नाही, नुसतं बसायचं. ठरलं?"

सगळे हात वर गेले. त्या दिवसापासून बाया एकमेकींना डोळ्यांत तेल घालून जपू लागल्या. पण पुढे कुणीच आली नाही, आणि दुखणं रोज घंटेबरोबर येतच राहिलं.

मग न्यायालयाकडून खास परवानगी आली. संध्याकाळी काही मिनिटं एकेका बराकीच्या पट्ट्या बंद करायच्या आणि दुखणं कधी थांबतं ते पाहायचं. त्यासाठी सहवेदक तयार करणाऱ्या गटातले डॉ. अन्वर तांबोळी स्वतः आले. शांत, थोडे वाकून चालणारे गृहस्थ. बंदीच्या घंटेला ते खराडेबाईंच्या समोर यंत्र उघडून बसले.

"घरी सहवेदक काढल्यावर जातं का हो हे?" त्यांनी विचारलं.

"कुठलं! पण तुमच्या पुस्तिकेतच लिहिलंय ना, काढल्यावरही तासभर ठसा राहतो म्हणून. बोटीतून उतरल्यावर पाय डुलत राहतात तसा. मी झोपेची गोळी घेते नि पडते."

डॉक्टरांनी पहिल्या बराकीच्या पट्ट्या बंद केल्या.

"गुडघेदुखी गेली," खराडेबाई डोळे मिटून म्हणाल्या. "म्हाताऱ्यांची बराक. अहाहा, काय हलकं वाटतंय! पण ते आहे अजून."

दुसरी बंद झाली. तिसरी बंद झाली, तशी बाळंतिणींच्या अंगातली ती दुधाळ ओढ थांबली. चौथी बंद झाल्यावर पोटातला जडपणा गेला.

"चार नंबरनं आज चपात्यांचं उट्टं काढलेलं दिसतंय," बाई म्हणाल्या, पण त्यांना हसू आलं नाही. "अजून आहे, डॉक्टर."

पाचवी आणि सहावी झाली. मग दवाखाना. यंत्राच्या पडद्यावर एक सरळ रेघ उरली.

"सापडली का कुठे?" बाईंनी विचारलं. "तुमचं यंत्र बिघडलंय. माझ्या छातीत अजून तसंच आहे."

डॉक्टर उठले. त्यांनी बाईंच्या कानामागचा सहवेदक काढला आणि टेबलावर ठेवला. "कानामागे जळत असेल थोडं. आता ठसा जाईपर्यंत आपण बसू. घाई नाही."

दोघं बसून राहिले. चहा आला आणि निवला. पुस्तिकेतला तास उलटून गेला. बाईंनी आपला हात बरगड्यांवर दाबून धरला होता.

"आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"आहे."

"आता इथे तुमच्याशिवाय कुणीच नाही, बाई."

"माझं कसं असेल?" त्या जवळजवळ चिडल्याच. "मला काय झालंय? मी रोज कामाला येते, जेवते, झोपते."

पण बोलता बोलता त्यांची नजर खिडकीबाहेर गेली. पलीकडे त्यांचं क्वार्टर होतं. बंदीची घंटा झाली की तिथल्या दारात नलूताई येऊन उभी राहायची. त्यांची मोठी बहीण. आई गेल्यावर ताईनंच त्यांना वाढवलं, शिकवलं, चित्रकलेच्या बाई म्हणून शाळेत नोकरी करत राहिली, आणि नंतर या दोघींनी मिळून संसार केला. चहा टाकू का, असं ती हातानंच विचारायची आणि बाई इथूनच मान हलवायच्या. ताई गेली त्याला दोन वर्षं झाली होती. बारावा उरकून खराडेबाई दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाल्या आणि त्याच आठवड्यात त्यांच्या कानामागे सहवेदक बसला. त्या कधी रडल्या नाहीत. छातीत दाटून आलं की त्यांनी आपलं विचारायचं, कोणत्या बराकीतलं? मग त्या उठून कुठल्यातरी बराकीत काहीतरी सुधारून येत. बंदिनींच्या फोनची वेळ वाढली ती त्यामुळेच असेल. तिन्हीसांजेला रेडिओ लागू लागला तोही. तिकडल्या बायांचं भलं झालं, आणि इकडे बाईंचं ताईसाठी रडायचं राहूनच गेलं.

"चाचण्या घेताना आम्ही खूप गोष्टी मोजल्या," डॉ. तांबोळी हळू आवाजात म्हणाले. "दुसऱ्याचं कळायला लागलं की स्वतःचं ओळखायची सवय मोडते का, हे मोजायचं मात्र सुचलं नाही. माझंच चुकलं."

"मला एक पट्टी द्या, डॉक्टर. माझंही कुणाला तरी कळू दे."

"कायद्यात पट्टी फक्त बंदिनींना आहे."

"म्हणजे आधी गुन्हा करावा लागेल," खराडेबाई म्हणाल्या, आणि हे वाक्य आपण कुणाला ऐकवलं होतं ते आठवून त्या ओशाळल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या एक नंबर बराकीसमोर गेल्या, तेव्हा सगळी पंचायत वाटच बघत होती.

"सापडली का, बाई?" मावशींनी विचारलं. "रात्रभर आम्ही आळीपाळीनं जाग्या होतो. हिला बघ, तिला बघ."

यंत्र बिघडलं होतं म्हणून सांगता आलं असतं. ते वाक्य बाईंच्या ओठांवर तयारही होतं. पण रात्रभर जागलेले ते डोळे पाहून त्यांना ते बोलवेना.

"सापडली."

"कोणत्या बराकीतली?"

"कुठल्याच नाही. मीच आहे ती."

मागे कुणीतरी खुदकन हसली आणि लगेच थांबली. मावशी बाईंकडे बघत राहिल्या. मग त्यांचा एरवीचा खणखणीत आवाज पार खाली आला.

"ताईंचं का? दारात उभ्या राहायच्या त्या? आम्ही इथून बघायचो रोज. त्या दिसेनाशा झाल्या तेव्हा इथल्या बाया रडल्या, बाई. तुम्ही तेराव्या दिवशी हजर! आम्हाला वाटलं, हिचं काळीज दगडाचं."

घंटा झाली.

"चला, बंदीची वेळ झाली," खराडेबाई घाईनं म्हणाल्या.

"झाली ना? मग या आत आणि बसा. ठराव झालाय. संध्याकाळी तिला एकटं सोडायचं नाही. ठरावात काय अधिकारी सोडून असं म्हटलेलं नाही."

बराकीच्या आतल्या पायरीवर मावशी एका बाजूला आणि फरीदा नावाची विणकाम शिकवणारी बंदिनी दुसऱ्या बाजूला बसली. मधे खराडेबाई. कुणी काही बोललं नाही. आणि मग दोन वर्षं अडलेलं सगळं एकदम आलं. बाई पदर तोंडाशी धरून हमसाहमशी रडल्या. कानामागून जे येत होतं आणि आतून जे येत होतं, ते त्यांना वेगळं करता येईना, आणि करायचंही नव्हतं. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे पुसले. बरगड्यांखालचा तो जड हात गेला नव्हता, पण तो आता नलूताईचा आहे हे त्यांना कळत होतं, आणि त्यानं त्यांना बरंच वाटत होतं.

दाराशी हवालदार गोसावी किल्ल्या घेऊन खोळंबून उभ्या होत्या. बाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. गोसावी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होत्या, आणि त्यांचा एक हात कमरेवर होता. रोजच असाच असणार.

"गोसावी, कंबर फार दुखते का?"

गोसावी दचकल्या. "आत्ता दुखतंय हे तुम्हाला कसं कळलं, मॅडम? मला तर पट्टी नाही."

"दिसतंय."

गोसावींनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि त्यांचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा वाकडा झाला. "नोकरीला लागल्यापासून कुणी विचारलं नव्हतं, मॅडम."

मावशींनी सरकून पायरीवर जागा केली आणि तिथे हात थापटला. गोसावींनी घड्याळाकडे पाहिलं, कुलपाकडे पाहिलं, आणि कमरेला हात लावत त्या आत येऊन बसल्या. किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या मांडीवर पडून होता. बराकीचं दार सताड उघडं होतं, पण कुणी जागची हलली नाही. दारातून पाहिलं तर पलीकडे, भिंतीच्या वर, कन्हेरवाडी गावातले दिवे एकेक करून लागत होते. त्या घरांत राहणाऱ्या एकाही माणसाच्या मनगटावर पट्टी नव्हती.