राउटरचे दिवे आणि शेजारचे माग

शरणबसवशी माझी पहिली भेट भांडणानंच झाली. खरं तर मला त्याच्या वडिलांशी भांडायचं होतं, पण शेजारच्या त्यांच्या टॉवेलच्या कारखान्याच्या दारात तोच उभा होता. भुवयांवर सुताची कसपटं, चेहऱ्यावर उगाचच हसू.

मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरातून करते. व्हिडिओ कॉल ऐन रंगात आला की आमचं नेट जायचं. नेटवाल्यानं वायर बदलली, राउटर बदलला, तो कपाटावर चढवून पाहिला. उपयोग शून्य. मग एकदा माझ्या लक्षात आलं, आधी राउटरचे सगळे दिवे विझतात आणि मग तो पुन्हा सुरू होतो. आणि त्याच क्षणी भिंतीपलीकडे टॉवेलचे माग एकदम खडखडायला लागतात.

"तुमच्या मागांमुळं व्होल्टेज पडतं आणि माझं नेट जातं," मी सुनावलं.

तो वाद न घालता आमच्या घरी आला, राउटरसमोर बसला आणि फोनवरून माग सुरू करायला सांगितले. दिवे विझले.

"व्हय की," तो म्हणाला. मला हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही.

त्यानंतर तो माग एकेक करून सुरू करू लागला. कधी विसरायचा, मग मी भांडायला जायची. कधी विसरायचा नाही, तरी मी जायची. तो "गेलं का?" विचारायला यायचा, आई चहा टाकायची. मला तो आवडायला लागला होता. हे लिहायला सोपं आहे, बोलायला मात्र…

एका दुपारी मोठ्या मीटिंगमध्येच नेट गेलं. साहेबांनी शांतपणे सांगितलं, आता पुन्हा असं झालं तर पुण्याच्या ऑफिसात येऊन बसायचं. मी शरणबसवला जाऊन हे सांगितलं. भांडले नाही.

तो आत गेला आणि एक खोकं घेऊन आला. राउटरला लावायची छोटी बॅटरी. लाईट गेली तरी राउटर चालू राहतो, म्हणाला. खोक्यावर सुताचा जाड थर होता.

"हे कधी आणलंत?"

"तुमी पयल्यांदा भांडून गेलात ना… त्याच आठवड्यात."

"मग दिलं का नाही?"

"नेट नीट झालं असतं, तर तुमी हिकडं कशाला आला असता?" तो खोकं पुसत राहिला. "पण तुमी पुण्याला जाण्यापरीस… हिकडं न आलेलं परवडलं."

मला राग आला. त्याच्यापायी माझं बिऱ्हाड पुण्याला हलायची वेळ आली होती. खोकं घेऊन मी घरी आले आणि बॅटरी लावली. माग सुरू झाले, दिवे तसेच राहिले. दुसऱ्या दिवशीची मीटिंग शेवटपर्यंत नीट झाली, साहेबांनी पुण्याचा विषय सोडून दिला. संध्याकाळी मी पुन्हा कारखान्याच्या दारात होते.

त्याचा चेहरा उतरला. "परत गेलं?"

"नाही. आता जाणारही नाही."

"मग?"

"तुम्हाला भेटायला आले."

मागांच्या खडखडाटात त्याला काही ऐकू आलं नाही. तेच मी मोठ्यानं म्हणाले. आतल्या दोन कामगारांनी वळून पाहिलं. शरणबसवनं मात्र अजूनही ऐकू न आल्यासारखा कान पुढं केला.