जिन्यातला लट्टू

जिन्यातला लट्टू, तुमच्या भाषेत बल्ब, काढायला आलात ना, पोट्टेहो? त्या होल्डरात पिन खुपसून बाहेर लायटिंगच्या माळा सोडायच्या, असा बेत दिसतो. सोडा बापा, मी कोण अडवणारा? पण ते स्टूल जरा खाली ठेवा आणि बसा. अंधार पडलाच आहे, तर गणपतरावाचं ऐकून घ्या. त्याची थोरली बहीण रुखमाबाई पुढं आमच्या शेजारी राहायला आली. तिच्या तोंडून ऐकलेलं आहे, पदरचं एक अक्षर नाही.

चौऱ्याहत्तर सालचा भाद्रपद. महालक्ष्म्या जेवल्या, ती रात्र.

गणपतरावाचं इतवारीत भांड्यांचं दुकान होतं आणि त्याच्यामागेच घर. बडा घर, पोकळ वासा. घरातल्या प्रत्येक लट्टूवर लाल रंगाचा ठिपका लावून ठेवायचा, नोकरानं बदलू नये म्हणून! त्या दुपारी तो सीताबर्डीला गेला आणि रंगीत माळांचं गाठोडं घेऊन आला. कारण काय, तर समोरच्या ताराचंदनं माळा लावल्या होत्या. देवीसाठी नव्हे हो, ताराचंदसाठी.

घरात प्लग कुठेच नव्हता. एखादा लट्टू काढायचा आणि त्याच होल्डरातून माळेला करंट घ्यायचा, ही तेव्हाची रीत. दाराजवळ होल्डर एकच, जिन्यातला.

"गणपत, तो लट्टू नको काढू गा," रुखमाबाई अंथरुणातून म्हणाली. ती तापानं फणफणली होती. "गोपिकाले सातवा लागला. रात्री तेल घालाले ती याच जिन्यानं उतरते."

गोपिका ही त्याची दुसरी बायको. त्या घरात पहिलंच मूल होणार होतं. खाली महालक्ष्म्या मांडलेल्या, म्हणून ती वर निजायची. समई विझू द्यायची नाही, आणि तेल घालायचा मान घरच्या सवाशिणीचा. विधवा रुखमाबाईनं हात लावलेला त्या घरात चालत नव्हता.

"तुले काय समजते, बाई? समोर पाहा, दिवाळी होऊन राहिली. आपल्याच दारात अंधार ठेवू? लोक थुंकतीन माह्या तोंडावर."

"लोक मागंच थुंकले," रुखमाबाई म्हणाली.

खरंच होतं ते. तीन वर्षांमागं, याच सणात, याच माणसानं याच जिन्यातला लट्टू काढला होता. पहिली बायको देवकी समईत तेल घालायला रात्री उठली. काढून ठेवलेला लट्टू तिनं सोबत घेतला, होल्डरात परत लावावा म्हणून. पोचलीच नाही. वरून तिसरी पायरी तुटकी होती. सकाळी ती खाली सापडली, मुठीत लट्टू. आणि हा गृहस्थ भेटायला आलेल्या लोकांना काय सांगत होता? "इतक्या वरून पडली, पण लट्टू पाहा, शाबूत!" नाक कापलं तरी भोकं आहेत म्हणणारी ही जात. रुखमाबाईनं तो लट्टू त्याच्या हातातून ओढून घेतला आणि देवकीच्या अस्थींबरोबर कन्हान नदीत सोडला. तर चांगला चालू लट्टू वाया घालवला म्हणून हा तिच्याशी आठवडाभर बोलला नाही.

आता बहिणीनंच मना केलं म्हटल्यावर तर त्याला जोर आला. लट्टू काढला, कपाटात कुलूप लावून ठेवला, होल्डरात पिन बसवली. माळा झगमगल्या. मोहल्ला पाहून गेला. ताराचंदचं तोंड उतरलेलं पाहून गणपतराव पोटभर जेवला आणि महालक्ष्म्यांसमोर गोधडी टाकून पडला. त्याच्या पायथ्याशी रुखमाबाई निजलेली होती.

गाव झोपलं.

मधेच त्याला जाग आली, हे पुढं त्यानंच बहिणीला सांगितलं. दारातल्या माळा विझल्या होत्या. करंट गेला असेल, त्याला वाटलं. पण समोर ताराचंदच्या माळा चालूच होत्या...

वर दार वाजलं. जोडव्यांचा आवाज. गोपिका उठली होती.

तेव्हा त्याला तिसरी पायरी आठवली. हाक मारायची होती. उठायचं होतं. जीभ उचलली नाही, अंगही नाही.

जिन्याच्या भिंतीवर उजेड पडला. पिवळा, साधा.

जोडवी वाजली. थांबली. पुन्हा वाजली... आता दोघींची.

"हळू. इथं पायरी तुटली हाय. भिंतीले धर."

"हो, बाई," गोपिका म्हणाली.

त्यानं रुखमाबाईकडं पाहिलं. ती पायथ्याशीच होती. गाढ झोपेत.

तो आवाज त्यानं ओळखला. बारा वर्षांच्या संसारात ऐकला होता, ऐकून न ऐकल्यासारखा केला होता...

गोपिका खाली आली. अर्धवट झोपेत. एकटीच. उजवा हात पुढं धरलेला. तेल घातलं. वात सारली. हात पुन्हा पुढं केला, आणि वर गेली.

आणि हा मर्द काय करत होता? गोधडीत तोंड घालून पडला होता. लाज वाटते सांगायला.

सकाळी गोपिका हसत खाली आली. "बरं केलं तुम्ही, जिन्यातला लट्टू लावला ते. अन् बाईंनीही तापात उठून हात धरला मले."

"मी कधी उठली वं?" रुखमाबाई म्हणाली.

गणपतराव उठला. माळांची पिन खालच्या पायरीवर ठेवलेली होती, वायर नीट गुंडाळून. त्यानं कपाट उघडलं. काल काढलेला लट्टू आतच होता. मग स्टूलवर चढला आणि होल्डरातला उतरवला. त्यावरही लाल ठिपका होता. अर्धा झिजलेला.

त्याच्या हातातून रुखमाबाईनं तो घेतला. पितळी टोपीच्या कडेला काहीतरी चिकटलं होतं. तिनं बोट फिरवलं.

कन्हानची रेती होती. अजून ओली.