टाकीची सावली

चूक अमृतरावांची. भर बाजारात पोटच्या पोराला ते म्हणाले, "एवढा मर्द हायेस तं उभा राह्यून दाखव." हे बोलले नसते, तर चंपत बसला असता. जन्मापासून बसतच आला होता.

आदिलाबादच्या त्या भाजीबाजाराची एक रीत होती. गुरुवारी दुपार कलली की सगळे खाली बसायचे. विकणारे बसलेलेच असत, पण गिऱ्हाइकंही पिशवी टेकवून उकिडवी बसायची, हमाल पोत्याला पाठ लावायचे. पश्चिमेला कापसाच्या जिनिंग गिरणीची पाण्याची टाकी होती. तिची सावली बाजारावरून सरकत पलीकडच्या आडत दुकानांवर चढेस्तोवर कोणी उठत नसे. चाळीसेक वर्षांपूर्वी त्या टाकीवरून कोणीतरी बंदूक चालवली होती, आणि जी माणसं उभी होती ती पडली होती.

कोणीतरी म्हणजे कोण? इथंच म्हाताऱ्यांची बोंब. मिरचीवाला नागोराव सांगे, फौजेतून पळालेला शिपाई होता, चार मेले. कांदेवाली भागाबाई म्हणे, नऊ. आणि गोळ्या टाकीवरून नाहीच, गिरणीच्या धुराड्यावरून आल्या. मारणारा सापडला, सापडला नाही, वर कोणी नव्हतंच... दरवेळी नवं. अमृतराव तर हात झटकून मोकळे. "मी त्या दिवशी बासरले होतो, देवीच्या दर्शनाले. मले काई मालूम नाई." आणि तरी सगळ्यांत आधी तेच बसत.

पंच्याऐंशी साली टाकी पाडली. सावलीच उरली नाही. तरी ब्याण्णवच्या उन्हाळ्यातही बाजार बसतच होता, आणि नागोराव "सावली उतरली" म्हणेपर्यंत कोणी हलत नव्हतं.

त्या गुरुवारी चंपत मेथीवर पाणी मारत होता. एकोणीस वर्षांचा, तेलुगू शाळेतून दहावीला बाहेर पडून बापासोबत भाजी विकायला लागलेला. बाजार खाली बसला तशी त्याची सटकली.

"नागोकाका, टाकीच नाई, तं सावली कशाची पाहून राह्यले?"

"गप बस लेका."

"काऊन पण? एक जण तरी नीट सांगा ना! तुमी चार म्हंता, भागाकाकू नऊ म्हंते. मुडदे का पिल्लं देतेत?"

भागाबाई हसली, पण मान खाली घालूनच. "याची जीभ पाहा, अमृतराव. हेच शाळंत चाललं असतं तं मास्तर झाला असता."

आजूबाजूचे फिसकन हसले. पोराचं शिक्षण अमृतरावांचं दुखतं गळू होतं. ते तिथंच बोलून गेले, जे बोलायचं नव्हतं.

चंपत उभा राहिला.

आधी काहीच झालं नाही. सगळ्या बाजारात एकट्याचंच डोकं वर. ऊन, ओली मेथी, बारदान, घामाचा वास. मग वास बदलला. गंजलेलं लोखंड... आणि साचून राहिलेलं पाणी. पायांना गार लागलं. त्यानं खाली पाहिलं. मेथीवर, तराजूवर, बापाच्या मांडीवर एक रुंद गोल सावली पसरली होती. तिच्या काठावर काहीतरी उभं होतं. ते हळूहळू सरकलं. त्यातून एक लांब, बारीक रेघ बाहेर आली.

त्यानं मान वळवून पश्चिमेला पाहिलं. आभाळ रिकामं होतं.

"बाबा... हे..."

"बस!" अमृतराव ओरडले, आणि त्याला खाली ओढायला स्वतःच उठले.

आवाज फार मोठा नव्हता. कापसाची वाळकी पऱ्हाटी मोडावी तेवढाच. अमृतराव उजव्या डोळ्यावर हात दाबून खाली बसले.

"उतरली," नागोराव म्हणाला. बाजार उठला. भाव सुरू झाले. कोणी धावून आलं नाही.

चंपतनं बापाला सायकलरिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तेलुगू डॉक्टरनं हात बाजूला करून पापणी उचलली आणि वैतागला. "इसमें अब क्या दिखाने लाए? ये तो बचपन का घाव है."

रक्त नव्हतं. डोळाही नव्हता. खोबण आत बसलेली, कातडी जुनी, सुरकुतून मिटलेली.

"सकाळी दोन होते, साहेब," चंपत म्हणाला.

घरी त्यानं मायला विचारलं. प्रयागबाई भाकर थापता थापता म्हणाली, "काय यड्यावानी बोलून राह्यला? माह्या लग्नातही तुह्या बाचा एकच डोळा होता. लहानपणी बाजारात गोळी लागली ना त्याले."

तो धावत नागोरावाकडे गेला.

"पाच जणांले लागली होती," नागोराव शांतपणे म्हणाला. "चार मेले. पाचवा तुहा बाप."

"ते तं बासरले होते!"

"बासरले? कोण म्हणे?"

 परत येऊन चंपत बापाच्या बाजेशी टेकला. "बाबा, तुमीच म्हणत होते ना... बासरले होतो म्हणून?"

अमृतरावांनी उरल्या डोळ्यानं त्याच्याकडे पाहिलं. मग बाजेवर हळूच मागे सरकले. भिंतीला लागेपर्यंत.

"मी वर पाह्यलं होतं," ते कुजबुजले. "गोळ्या सुटल्या तसे सगळे खाली बसले... तो एकटाच उभा होता, वर टाकीवर. मी त्याले नीट पाह्यलं, चंपत. तोंड... तुह्यंच होतं."

पुढं ते पोराशी कधी एकटे बसले नाहीत. का, ते कोणाला सांगितलंही नाही.