पलीकडच्या गच्चीवरची तबकडी

तुम्ही मघाशी म्हणालात, की या टेकडीवर वारा सुटला की सगळ्यांचं नेट जातं, फक्त माझं जात नाही. म्हणालात, ज्याच्याकडून बसवून घेतलंत त्याचा पत्ता द्या. देतो पत्ता. पण दिवे गेलेच आहेत, तर बसा जरा. आधी ऐकून घ्या आणि मग ठरवा. ही मेणबत्ती तुमच्याकडे सरकवतो. माझ्या तोंडावर उजेड नको.

काम तसं अवघड नाही. दोन घरं, दोन गच्च्या. प्रत्येक गच्चीवर एक लोखंडी पाइप आणि पाइपावर जेवणाच्या ताटाएवढी एक तबकडी. दोघींनी एकमेकींकडे तोंड करून बसायचं. मध्ये झाड नको, इमारत नको. माझ्या गच्चीवरून खाली धरणाचं पाणी दिसतं ना, त्याच्या पलीकडे शहर आहे, आणि काठावरच्या पहिल्याच रांगेत माझ्या आईचं घर. नजरेला अगदी समोर, पण गाडीने जायचं तर पुलाला वळसा घालता घालता तास मोडतो. मध्ये नुसतं पाणी. बिनतारी जोडणीला याहून सोयीची जागा शोधून सापडायची नाही.

आईकडे केबलचं चांगलं नेट होतं. माझ्याकडे मोबाइलसुद्धा खिडकीत लोंबकळल्याशिवाय लागत नव्हता. आणि कंपनीने बजावलं होतं, घरून काम करायचं असेल तर रोजच्या मीटिंगला चेहरा दिसला पाहिजे, नाहीतर ऑफिसात येऊन बसा. थोडक्यात, मला आईचं नेट हवं होतं. पण तिला मी सांगितलं, "आई, हे तुझ्यासाठी करतोय. रोज संध्याकाळी समोरासमोर बसून बोलू."

ती इतकी हरखली, की शेजारणीला जाऊन सांगून आली, माझ्याशी बोलायला म्हणून मुलगा यंत्र बसवतोय. मिस्त्री तिच्या गच्चीवर पाइप रोवत होता तेव्हा ती जिन्याच्या तळाशी कठड्याला धरून उभी होती. गुडघ्यांमुळे कित्येक वर्षांत ती वर चढली नव्हती. सारखी विचारत होती, "माझी काही मदत हवी का रे?"

"तू लुडबुड करू नकोस, तीच मोठी मदत," मी म्हणालो. मिस्त्री हसला. तीही हसली, उगाच.

त्या दिवशी दोन्हीकडे तबकड्या चढल्या, तारा ओढून झाल्या, वीज जोडून झाली. राहिलं ते फक्त तोंडं जुळवण्याचं काम. त्याची एक रीत आहे. एका टोकाला माणूस तबकडी हाताने धरून केसाकेसाने फिरवतो, दुसऱ्या टोकाचा माणूस यंत्रावर सिग्नल बघतो आणि त्याला सांगत राहतो, डावीकडे, उजवीकडे, जरा वर. जुळलं की म्हणायचं, "बस, आवळ." मग पलीकडचा नट आवळतो आणि हात काढतो. आवळ म्हणेपर्यंत त्याने श्वाससुद्धा जपून घ्यायचा. माझ्याकडे मोबाइलची बोंब, म्हणून वॉकीटॉकीची एक जोडी आणली होती. एक मी घेतला, दुसरा आईच्या टेबलावर ठेवला. मिस्त्री दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्याकडे जाणार होता. सर्दीने त्याचा आवाज पार बसला होता. निघताना नुसता कुजबुजत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी माझ्या गच्चीवर लॅपटॉप उघडून बसलो. पाण्यावर ऊन असं चकाकत होतं, की पलीकडचं काही धड दिसत नव्हतं. जुळवणीच्या वेळी लॅपटॉपमधून टिकटिक येते. लांब असलात तर थांबून थांबून, जवळ आलात तर भरभर. टिक… बराच वेळ काही नाही… टिक. मीटिंगची वेळ जवळ येत होती आणि माझं डोकं तापत चाललं होतं.

"मिस्त्री, पोचलास का?" मी वॉकीटॉकीत विचारलं.

नुसती खरखर. मी पुन्हा विचारलं, मग ओरडून विचारलं. शेवटी त्या खरखरीच्या तळातून अगदी बारीक आवाज आला. "हं…"

"मग चढ की वर! की आमंत्रण पाठवू?"

वॉकीटॉकीतून जिना चढल्याचा आवाज मी ऐकला. एक पायरी, मग धाप, मग दुसरी पायरी. मला वाटलं, गडी मुद्दाम वेळ काढतोय.

"असं?…" तो कुजबुजला.

"डावीकडे. डावीकडे म्हटलं! तुझं डावं कुठलं तेही मीच सांगायचं का?"

"असं?…"

"अरे हात आहेत की ओंडके? थरथरतायत कशाला? एवढं साधं काम झेपत नसेल तर घरी बसावं माणसाने. दुसऱ्याचा खोळंबा करू नये."

याहूनही वाईट बोललो. ते तुमच्यासमोर उच्चारवत नाही. पलीकडून एका शब्दाने उलट उत्तर आलं नाही. प्रत्येक वेळी तेवढंच, "असं?… आता?…" आणि टिकटिक हळूहळू भरभर होत गेली, होता होता तिचा एकच लांब सूर झाला.

"बस! हलू नकोस! तसंच धरून ठेव. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही. कळलं?"

"हं…"

लॅपटॉपवर नेट आलं होतं, पाण्यासारखं स्वच्छ. मीटिंग सुरू व्हायची वेळ झाली होती. मी लॅपटॉप उचलला आणि धावत खाली गेलो. वॉकीटॉकी कठड्यावरच राहिला. "बस, आवळ" म्हणायचं राहून गेलं.

मीटिंगमध्ये साहेबांनी माझं कौतुक केलं. काय सुरेख चित्र येतंय म्हणाले, कुठून एवढं चांगलं नेट मिळवलंत? मी म्हणालो, थोडी खटपट करावी लागली.

मीटिंग संपत आली तेव्हा दार वाजलं. दारात मिस्त्री उभा. घामाघूम, हात ग्रीसने काळे.

"साहेब, माफ करा," तो बसलेल्या घशाने म्हणाला. "टेकडीच्या खालीच गाडी बंद पडली. दुपारपासून तिच्याशीच झटतोय. आजींकडे जाणं झालंच नाही."

मी वर धावलो. तो माझ्या मागोमाग आला.

ऊन उतरलं होतं. पाण्यावरून धुकं वर येत होतं आणि त्याला शेवाळाचा ओला वास होता. दुर्बीण लावून मी पलीकडे पाहिलं. आईच्या गच्चीवर पाइपाला बिलगून काहीतरी फिकट, बुटकं उभं होतं. हलत नव्हतं.

कठड्यावरचा वॉकीटॉकी खरखरला.

"आता… सोडू का, बाळा?…"

मिस्त्रीने ते ऐकलं. तो माझ्याकडे बघत होता. त्या क्षणी मला भीती वाटली नाही, लाज वाटली. दुपारी मी काय काय बोललो ते आठवलं, आणि या माणसासमोर आता आईशी काय बोलू, हे सुचेना. म्हणून मी वॉकीटॉकी बंद केला. उत्तर न देता बंद केला. मिस्त्रीला म्हणालो, "चल, गाडी काढतो."

पूल ओलांडून पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं. आई खालच्या खोलीत खुर्चीत बसली होती, शाल पांघरून, दाराकडे तोंड करून. हात लावला तर गार. मिस्त्रीने शेजारच्या डॉक्टरांना बोलावून आणलं. ते म्हणाले, सकाळीच गेल्यात, शांतपणे गेल्यात. मी पुन्हा विचारलं, सकाळी? ते म्हणाले, हो, नक्की सकाळी. दुपारचा प्रश्नच नाही.

दुसरा वॉकीटॉकी टेबलावर होता, तसाच खोक्यात. त्याचे सेलसुद्धा पाकिटातून काढलेले नव्हते.

आम्ही गच्चीवर गेलो. दाराला आतून कडी होती. आदल्या दिवशी मिस्त्रीने स्वतः लावलेली. त्याने ती काढली. गच्चीवर कोणी नव्हतं. वारा बराच सुटला होता, वाळत घालायच्या तारा वाजत होत्या. मिस्त्रीने नटांना हात लावून पाहिला.

"ढिले आहेत, साहेब…" त्याने तबकडी हलवून पाहिली, मग दोन्ही हातांनी जोर केला. "…पण फिरत नाहीये."

आम्ही खाली आलो. त्याबद्दल पुढे एकमेकांशी बोललो नाही.

लांबच्या गावाहून ताई आली. सगळं आटोपल्यावर तिने मला विचारलं, "शेवटचं काय बोलली रे ती तुझ्याशी?" मी सांगितलं, "तुझी आठवण काढत होती." धडधडीत खोटं. ताई रडली आणि मला जवळ घेतलं.

घर विकायचं असं ताईच्या मनात होतं. मी म्हणालो, राहू दे, आईची आठवण आहे. तिला वाटलं, भाऊ किती हळवा. खरं कारण तुम्हाला कळलंच असेल. घर विकलं तर तबकडी कुठे ठेवणार? अजून मी त्याच घरातून नेट घेतो. वादळात इथली झाडं पडली, सगळ्यांच्या तबकड्या वेड्यावाकड्या झाल्या. माझा सिग्नल तसूभर हलला नाही. लोक विचारतात, आणि मी सांगतो, माणूस चांगला मिळाला हो. सांगताना जीभ जड होते, पण सांगतो.

पावसाळा संपला आणि एका संध्याकाळी मला ते सहन होईना. वर गेलो, लॅपटॉप लावला. तोच एक लांब सूर. वॉकीटॉकी हातात घेतला. दुसरा माझ्याच कपाटात पडून होता, सेल न घातलेला. तरी बटण दाबलं.

"आई… सोड आता. झालं काम. सोड."

सूर तुटला. टिक… टिक… मग काहीच नाही. खाली पाणी, वर आभाळ, आणि कसला म्हणून आवाज नाही. मी मटकन खाली बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. सुटली बिचारी, असं मनात आलं. आणि त्याच्या पाठोपाठ, खोटं कशाला बोलू, उद्याच्या मीटिंगचं काय करायचं हेही मनात आलं.

तेवढ्यात… टिक.

थोड्या वेळाने पुन्हा. मग भरभर, मग पुन्हा हळू. जरा डावीकडे, जरा उजवीकडे. कोणीतरी चाचपडत होतं. वॉकीटॉकीच्या जाळीतून गुडघ्यांना लावायच्या मलमाचा वास आला.

"असं?…" बोलणी खाऊन खाऊन दबलेल्या माणसाचा आवाज होता तो. "आता?… असं का?…"

तिला वाटलं असणार, सिग्नल गेला म्हणून मी पुन्हा रागावलोय. मी म्हणत राहिलो, "नाही गं आई, चुकलं नाही तुझं, मी रागावलो नाही." पण माझा आवाज जसा चढत गेला तशी पलीकडची घाई वाढत गेली. टिकटिक नुसती धावायला लागली, अडखळायला लागली, आणि मध्ये मध्ये ती धाप… शेवटी मला ते ऐकवेना. मी ओरडलो, "बस! बरोबर आहे! धर!"

एकच लांब सूर.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीला गाठलं आणि म्हणालो, जाऊन नट घट्ट आवळून ये. नट घट्ट असले तर कोणाला धरून बसायला नको, असा माझा हिशेब. तो जायला तयार नव्हता. हातापाया पडलो तेव्हा गेला.

परत आला तो दारातच थांबला. आत ये म्हटलं तर नको म्हणाला.

"आवळले, साहेब. पाना मोडेस्तोवर आवळले." त्याचा घसा केव्हाच बरा झाला होता, तरी तो कुजबुजत होता. "पण काही फरक नाही…"

"म्हणजे?"

"पाइपाला सगळीकडे गंज चढलाय. दोन्ही बाजूंना एकेक जागा तेवढी चकचकीत आहे. हात लागून लागून होते तशी. मागे पाऊस सुरू व्हायच्या आधी शेजारच्या गच्चीवर कामाला गेलो होतो, तेव्हा त्या जागा इथे होत्या." त्याने आपल्या छातीला हात लावला. मग वाकून हात गुडघ्याच्याही खाली नेला. "आता इथे आहेत…"

तो हळूच सरळ झाला.

"उभं राहवत नसेल आता," तो म्हणाला. "खाली बसून धरलंय…"

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो मी काहीतरी म्हणेन याची वाट बघत होता. आणि मी मान खाली घालून त्याला विचारलं, "नेट चालू राहील ना?"