पालकाचा रकाना

इब्रामपूरच्या आमच्या घरात नेटवर्क फक्त पुढच्या सोप्यावर, ओसरीत, मिळते. म्हणून मी तिथेच, काजूच्या झाडांकडे तोंड करून, कामाला बसतो. त्या दिवसांत माझ्याकडे संदेशांचे साचे ठरवण्याचे काम होते. डिबग सर्व्हर हा देखरेख करणारा प्रोग्राम. तो अनेक चाइल्ड प्रोसेस, म्हणजे पोटप्रोग्राम, जन्माला घालतो आणि प्रत्येकीला विचारत राहतो: तू कोण, कुठे थांबलीस, तुझा पालक कोण. ही उत्तरे कोणत्या रकान्यांत यावीत, हे मी लिहीत होतो. पालकाच्या रकान्यात मी केवळ अंक मान्य केले होते. एक अक्षर जरी आले, तरी सर्व्हरने संदेश नाकारायचा होता.

सकाळी व्हिडिओ कॉल चालू असताना बाबा मागून आले. उघडे अंग, कमरेला पंचा, पायांना मळ्यातला ओला चिखल. त्यांनी माझ्या कोपराशी चहाचा कप ठेवला.

"गौरेश, मागे कोण आहेत?" पुण्याहून टीममधल्या प्रियाने विचारले. "तुझे बाबा का?"

"नाही," मी म्हणालो. "कामाला येतात."

बाबांना सगळे समजले. देवळात गावाच्या वतीने गाऱ्हाणे घालणारा माणूस तो. शब्दाचे वजन त्यांना मी काय सांगणार? त्यांनी कपाचा कान माझ्या बाजूला वळवून दिला आणि ते मळ्याकडे निघून गेले. चहा गार होईपर्यंत माझे कान तापलेले होते.

दुपारी मी साचा तपासायला घेतला. पहिल्या चाइल्ड प्रोसेसचे उत्तर आले. पालकाच्या रकान्यात लिहिले होते: कामाला येतात.

सगळे बंद करून मी पुन्हा सुरू केले. प्रत्येकीने तेच कळवले. सर्व्हरने एकही संदेश नाकारला नाही.

सोबत काम करणाऱ्या प्रज्योतला फोन केला. तो इकडचाच, कारापूरचा.

"माझ्याकडे अंकच येतात रे," तो हसला. "सकाळीच काजूचा हुर्राक घेतलास काय?"

मी प्रियाला लिहिले, 'ते माझे बाबा आहेत.' बराच वेळ त्या ओळीकडे पाहिले. मग ती पुसून टाकली.

संध्याकाळी बाबा देवळात निघाले, तेव्हा मी मागोमाग गेलो. क्षमा मागायचीच, असे ठरवले होते. ते देवासमोर उभे राहिले. गाऱ्हाण्यात आमच्या घरापाशी आले की ते नेहमी आईचे, मग माझे नाव घेऊन जरासे थांबतात.

"माझ्या घराक मी नि देवकी, दोनच माणसां. तेंका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" जमलेले म्हणाले.

त्यांच्यात माझाही आवाज होता.

बाहेर आल्यावर मी त्यांना गाठले. "बाबा, सकाळचं ते..."

त्यांनी अदबीने माझ्याकडे पाहिले. रागाचा मागमूसही नव्हता.

"बोला हो. काय होया तुमका?"

मी बाजूला होऊन त्यांना वाट दिली.

घरी परतलो. सोप्यावर लॅपटॉप उघडाच होता. पडद्यावर उत्तरे येतच होती.

आई चहा घेऊन आली. मळ्यातल्या गड्यांसाठी वेगळा ठेवलेला काचेचा पेला तिने पायरीवर ठेवला आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"घेवा," ती म्हणाली. "काळोख पडता. तुमचे आवस-बापूस वाट बघीत आसतले."